उडीच्या चाचणीचा आकडा दर वेळी वेगळा येतो? दुरुस्ती कुठून सुरू करायची

लक्षणे

सोमवारी 34 सेंटीमीटर उडी मारणारी मुलगी गुरुवारी 29 वर येते आणि पुढच्या सोमवारी थेट 36 वर जाते. मधल्या दिवसांत सरावात काहीच बदललेले नसते.

स्थिर बैठकीतून मारलेली उडी (एसजे) आणि उभ्याने झटकन खाली जाऊन, म्हणजे झोका घेऊन, मारलेली उडी (सीएमजे) यांचे आकडे सारखेच येतात, कधी तर एसजेच वरचढ ठरते.

सगळ्या संघाचा आकडा एकाच दिवशी दोन-तीन सेंटीमीटरने वर किंवा खाली सरकतो.

तीन प्रयत्नांत तिसराच नेहमी सगळ्यात चांगला असतो.

उडी एकच, पण मोबाइल एक सांगतो आणि मॅट (पाय सुटल्याची आणि टेकल्याची वेळ नोंदणारी चटई) दुसरेच.

फोर्स प्लेटवर (पायांचा रेटा मोजणाऱ्या पाटावर) कोणीही उभे नसताना आकडा शून्यावर ठरत नाही.

लक्षण नीट ओळखले की निम्मे निदान झाले. फरक एकाच खेळाडूत दिसत असेल तर गडबड त्याच्या सुरुवातीत किंवा उतरण्यात असते. सगळा संघ एकदम सरकला असेल तर वेळ, फरशी किंवा यंत्र बघायचे. एसजे आणि सीएमजे एकमेकांना चिकटल्या असतील तर सरळ तिसऱ्या तपासणीवर जा, बहुतेक वेळा कारण तिथेच सापडते.

चुकीच्या आकड्यावर जिल्ह्याच्या संघातून नाव कापले जाते, नाहीतर चांगला चाललेला सराव मोडून नवा सुरू होतो. आकड्याची चूक खेळाडूला भोगावी लागते. म्हणून खेळाडूकडे बोट दाखवण्याआधी चाचणी तपासायची.

ही चाचणी काय मोजते

एसजेची ही पद्धत काटेकोरपणे वापरली जाते ती स्की जंपिंगमध्ये, म्हणजे बर्फाच्या टेकडीवरून स्कीवर घसरत येऊन टोकावरून लांब उडी घेण्याच्या खेळात. मोठ्या टेकडीवर खेळाडू ताशी 90 किलोमीटरच्या आसपास वेगाने, गुडघे मोडून आणि छाती मांड्यांवर झुकवून खाली येतो. टोकाशी उठायला त्याला साधारण 0.3 सेकंद मिळतात. तेवढ्यात खाली झोका घ्यायला सवड नसते आणि हात झोकून उपयोग नसतो. म्हणून जमिनीवर त्याची मुख्य परीक्षा एकच: स्थिर बैठक, हात बांधलेले, आणि सरळ वर उडी. फिनलंडमध्ये पावो कोमी आणि मिक्को विर्माविर्ता यांनी टेकडीच्या टोकाखाली फोर्स प्लेट बसवून हा रेटा प्रत्यक्ष मोजला होता.

मराठवाड्यात बर्फ नाही, पण ही हालचाल इथे रोज मैदानावर होते. खो-खोत चौकात बसलेला खेळाडू ‘खो’ मिळताच उठतो, तोही स्थिर बैठकीतून आणि झोक्याशिवाय. ज्या धाराशिवच्या सारिका काळे यांना 2020 मध्ये खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, तिथल्या मुलामुलींना धावत येऊन मारलेल्या उडीपेक्षा एसजे जास्त लागू पडते. व्हॉलिबॉलच्या ब्लॉकरला दोन्ही उड्या हव्यात. लांब उडीवाल्याला एसजे पूरक म्हणून घ्यावी, तिच्यावरून त्याची निवड करू नये.

तपासणी 1: वही उघडा (खर्च शून्य)

मागच्या आणि आजच्या चाचणीच्या नोंदी शेजारी ठेवा. हात कुठे होते, बूट कोणते, जागा कोणती, वाजले किती, उडी कोणती. या पाचांपैकी एक जरी वेगळे असेल तर त्या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही, पुढे जाण्यात अर्थ नाही.

सगळ्यात जास्त फसवतात हात. हात झोकले की उडी सहज दहा टक्के आणि त्याहूनही जास्त वाढते. “हात कमरेवर” एवढे सांगून भागत नाही, कारण जोर लावताना कोपरे वर उचलली जातात. अर्धा इंची प्लॅस्टिक पाइपचा मीटरभर तुकडा खांद्यांवर आडवा धरायला द्या, म्हणजे हातांचा प्रश्नच मिटतो.

भिंतीवर खडूने खूण करून मोजत असाल तर उभे राहून हात पुरवण्याची खूण दर वेळी नव्याने घ्या. इथे मुले खांदा आखडता घेतात. तीन सेंटीमीटर कमी पुरवले की उडी फुकटात तीन सेंटीमीटर वाढते. टाचा जमिनीवर, खांदा कानाला टेकलेला, बोटे ताणलेली, आणि ही खूण तुम्ही स्वतः करायची.

तपासणी 2: वेळ आणि अंग

सकाळी शरीराचे तापमान कमी असते आणि उडीही कमी भरते. तोच खेळाडू संध्याकाळी जास्त उडतो, ताकद न वाढताही. पहिली चाचणी सकाळी सातला आणि दुसरी संध्याकाळी पाचला घेतली असेल तर संघ “सुधारलेला” दिसणारच. वेळ एकच ठेवा, फार तर तासाभराचा फरक चालेल.

तालुक्याच्या गावाहून दोन तास एसटीत उभे राहून आलेल्या मुलाची चाचणी उतरल्याबरोबर घेऊ नका. नवरात्र, श्रावणी सोमवार, एकादशी, रोजे यांची नोंद वहीत असावी. उपवास करू नये असे सांगणे आपले काम नाही, चाचणीचा दिवस सरकवणे मात्र आपल्या हातात आहे. आदल्या दिवशी जड बैठका किंवा उड्यांचा सराव झाला असेल तर पाय अजून भरलेले असतात. मधे निदान 48 तास जाऊ द्या.

तिसरा प्रयत्न कायम सर्वोत्तम येतो, याचा अर्थ पहिले दोन वॉर्मअपमध्येच गेले. पाच मिनिटे हलके धावणे, दहा बैठका, पाच हलक्या उड्या आणि मग वाढत्या जोराच्या तीन उड्या, एवढे झाल्यावरच मोजायला घ्या. दोन प्रयत्नांमध्ये एक मिनिट विश्रांती. सलग दोन उड्यांत आकडा वाढला नाही की थांबा. कोणाला तीन उड्या लागतील, कोणाला पाच.

तपासणी 3: चोरटा झोका

इथे वेळ घालवा, कारण बहुतेक दोष इथेच निघतो.

एसजेत खेळाडूने बैठकीत स्थिर राहून फक्त वर यायचे असते. पण शरीराला वर जाण्याआधी किंचित खाली जायची सवय असते. खाली गेल्याने स्नायू आणि कंडरा ताणले जातात आणि मुख्य म्हणजे वरचा रेटा सुरू होण्याआधीच पाय भरात येतात. त्यामुळे उडी वाढते. हा झोका एकदा दोन सेंटीमीटरचा, एकदा शून्य, एकदा चारचा असतो आणि आकडाही त्याच्यामागे हलतो. एसजे आणि सीएमजे सारख्या का येतात याचेही उत्तर हेच: खेळाडू दोन्ही वेळा झोकाच घेत असतो, एकदा उघड आणि एकदा लपून.

नुसत्या डोळ्यांना हे दिसत नाही. शर्ट कमरेत खोचायला सांगा आणि कमरेच्या हाडावर, बाजूने, पांढऱ्या चिकटपट्टीचा दोन बोटे रुंद तुकडा लावा. मोबाइल तीन मीटरवर, कमरेच्या उंचीला, स्टँडवर किंवा खुर्चीत टेकवून ठेवा आणि स्लो मोशनमध्ये चित्रण घ्या. मग एक-एक फ्रेम पुढे सरकवा. पट्टी स्थिर आहे, स्थिर आहे, आणि वर जाण्याआधी पेरभर खाली सरकते. तेवढे दिसले की तो प्रयत्न बाद. फोर्स प्लेट असेल तर हेच आलेखात दिसते: रेषा वजनाच्या पातळीवर सपाट चालते, वर चढण्याआधी खड्डा पडतो.

उपाय स्वस्त आहे. दोन खुर्च्यांमध्ये बारीक इलॅस्टिक बांधा, एका टोकाला गाठ न मारता कपड्यांचा चिमटा लावा, म्हणजे पाय अडकला तर सुटेल. खेळाडूला गुडघ्यात 90 अंशांपर्यंत बसवा. कोन अंदाजाने धरू नका, सुताराचा गुण्या गुडघ्याशेजारी धरून पाहा. आता इलॅस्टिक मांडीच्या एक बोट खाली आणा आणि त्याला एक घुंगरू अडकवा. झोका घेतला की घुंगरू वाजते आणि खेळाडूला स्वतःलाच कळते, वाद होत नाही. जमिनीपासून इलॅस्टिकची उंची, समजा 43 सेंटीमीटर, त्या खेळाडूच्या नावापुढे लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात तीच लावायची.

ही उंची पक्की करणे का गरजेचे? जास्त खोल बसले की रेटा द्यायला जास्त अंतर मिळते, उडीही बऱ्याचदा उंच जाते, पण उठायला वेळ जास्त लागतो. स्की जंपरला तो वेळ मिळत नाही, चौकातल्या खेळाडूलाही नाही. उंची वाढली आणि खोलीही वाढली, तर ती प्रगती समजू नका.

बैठकीत दोन ते चार सेकंद थांबवा. “एक, दोन, तीन, उडी” अशा ठरावीक लयीत आज्ञा देऊ नका, लय पकडून अंग आधीच खाली जाते. कधी दोन सेकंदांनी सांगा, कधी साडेतीन. चारच्या पुढे ताणू नका, मांड्या थरथरायला लागतात.

आठवडाभरात बहुतेक मुले शिकतात. शिकल्यावर आकडा एकदम खाली येतो, तेव्हा खेळाडू हिरमुसतो. त्याला आधीच सांगून ठेवा की जुना आकडा झोक्याचा होता, खरी मोजणी आजपासून सुरू होते. जुन्या नोंदींवर रेघ मारा.

तपासणी 4: उतरताना मोडलेले गुडघे

मॅट आणि मोबाइल उंची मोजत नाहीत, हवेतला वेळ मोजतात. इटलीचे कार्मेलो बॉस्को यांची 1983 ची मॅटवरची पद्धतही याच तत्त्वावर उभी आहे. सूत्र सोपे: हवेतल्या वेळेचा वर्ग गुणिले 9.81, भागिले 8. म्हणजे 0.50 सेकंदाला 30.7 सेंटीमीटर, 0.55 ला 37.1, 0.60 ला 44.1. सूत्राचे गृहीत असे की निघताना आणि टेकताना शरीराची ठेवण सारखीच आहे.

गुडघे मोडून किंवा टाचांवर उतरले की पाय उशिरा टेकतात आणि वेळ वाढते. 30 सेंटीमीटरची खरी उडी. टेकताना कंबर नेहमीपेक्षा 5 सेंटीमीटर खाली असेल तर सूत्र 32.5 दाखवते. अडीच सेंटीमीटर हवेतूनच आले. चवड्यांवर, गुडघे ताठ ठेवून टेका आणि टेकल्यावर मग मोडा, असे शिकवा. हा क्रम दुखापत टाळण्यासाठीही हवा. गुडघे कुलूप लावल्यासारखे ताठ ठेवून धप्पकन उतरू देऊ नका. निघालेल्या जागेपासून वीतभर पुढे किंवा मागे उतरलेला प्रयत्नही बाद.

तपासणी 5: मोबाइलच्या फ्रेम

सेकंदाला 30 फ्रेमच्या साध्या चित्रणात एक फ्रेम म्हणजे 33 मिलिसेकंद. अर्ध्या सेकंदाच्या उडीत एका फ्रेमची चूक चार सेंटीमीटरहून जास्त पडते. 120 फ्रेमला साधारण एक सेंटीमीटर, 240 ला अर्धा. त्यामुळे 240 च्या खाली मोजूच नका.

त्यातही अंधाऱ्या हॉलमध्ये काही फोन फ्रेम गुपचूप कमी करतात. पडताळायचे असेल तर दुसऱ्या फोनवर स्टॉपवॉच लावून त्याचे चित्रण घ्या आणि एका सेकंदात किती फ्रेम निघतात ते मोजा. मेसेजवरून पाठवलेल्या फितीवर मोजू नका, पाठवताना ती दाबली जाते आणि फ्रेम गळतात. मूळ फाइलच घ्या.

पहिली फ्रेम कोणती धरायची हेही ठरवा: बुटाचे टोक जमिनीपासून सुटलेले पहिले चित्र, आणि टोक पुन्हा टेकलेले पहिले चित्र. मोजणारा माणूस एकच असावा.

तपासणी 6: मॅट

आधी सेल बदला. मग ओल्या फडक्याने धूळ पुसा आणि मॅट पूर्ण वाळू द्या. कडा वर वळल्या असतील तर रात्रभर सपाट वजनाखाली ठेवा, गुंडाळून उभी करून ठेवू नका.

यानंतर जिममधली पाच किलो वजनाची प्लेट हळूच मॅटवर तीन गुणिले तीन अशा नऊ जागी ठेवा. प्रत्येक जागी दिवा बदलला पाहिजे. एखादी जागा मुकी निघाली तर तिथे पाय पडल्यावर टेकण्याची वेळ उशिरा नोंदली जाते आणि उडी वाढते. उलट, प्लेट उचलल्यावरही दिवा तसाच राहिला तर आतल्या पट्ट्या चिकटल्या आहेत. वायर मुळाशी हलवून दिवा लुकलुकतो का तेही पाहा, वायर बहुधा तिथेच तुटते.

मॅट आणि 240 फ्रेमचे चित्रण यांत दर वेळी सारखाच फरक येत असेल तर घाबरायचे कारण नाही, वहीत लिहा आणि एकच साधन वापरा. फरक कधी 5 तर कधी 25 मिलिसेकंद असा येत असेल तर मॅट गेली.

तपासणी 7: फरशी

हा आपल्या भागाचा खास दोष आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावरची फरशी वर्षाला थोडी-थोडी हलते. जूनमध्ये सपाट असलेला कोपरा मार्चमध्ये कललेला असतो. शहाबादी फरशीचा एखादा तुकडा पोकळ वाजतो, पाय दिला की खाली दबतो. त्यावर ठेवलेली मॅट आणि प्लेट दोन्ही चुकीचे बोलतात.

गवंड्याची पाणसळ आडवी आणि उभी लावून पाहा. फरशीवर टिचकी मारा. भरीव आवाजाची, भेग नसलेली जागा निवडा आणि तिच्या चार कोपऱ्यांवर रंगाने खूण करा. पुढे कायम तिथेच. कुस्तीची गादी, जाजम किंवा रबराच्या पट्टीवर चाचणी नको, रेट्याचा काही भाग ती खाऊन टाकते.

तपासणी 8: फोर्स प्लेट

प्लेट जवळ असेल तरच हा भाग वाचा.

चारही पायांखाली कागदाची पट्टी सरकवून पाहा. एखाद्या पायाखालून पट्टी सहज निघाली तर प्लेट तीन पायांवर उभी आहे. पाय फिरवून उंची जुळवा. वापरण्याआधी अर्धा तास चालू ठेवा. एप्रिल-मे मध्ये खिडकीतले ऊन प्लेटवर पडले की शून्य सरकत राहते, म्हणून पडदा लावा आणि प्रत्येक खेळाडूआधी प्लेट रिकामी करून शून्य करा.

मग माहीत असलेले वजन. जिमच्या 20 किलोच्या प्लेटवर विसंबू नका, ती शंभर-दोनशे ग्रॅम इकडे-तिकडे असते. मोंढ्यातल्या शिक्का असलेल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ती एकदा तोलून खरे वजन तिच्यावर लिहा. खरे 20 किलो म्हणजे 196.2 न्यूटन. मध्यभागी आणि चार कोपऱ्यांवर ठेवून पाहा. दोन-तीन न्यूटनपेक्षा जास्त फरक पडला तर कोपऱ्यातला सेन्सर संशयित.

उडीआधी खेळाडूला पूर्ण एक सेकंद निश्चल उभे करा, एसजेत ही नोंद बैठकीतच होते. त्या सेकंदातून सॉफ्टवेअर वजन ठरवते आणि पुढचा सगळा हिशोब त्यावर चालतो. 60 किलोच्या खेळाडूचे वजन 600 ग्रॅमने चुकले तर सीएमजेत उंची सुमारे दोन सेंटीमीटरने चुकते. खेळाडू बोलला, डोके हलवले, तर परत घ्या.

रिकाम्या प्लेटची रेषा बारीक थरथरत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. थरथर गेली तर ती विजेच्या 50 हर्ट्झची आहे आणि दोष अर्थिंगमध्ये आहे.

तपासणी 9: सूत्र

उंची तीच, पण शक्तीचा आकडा बदलतो? मग कोणीतरी सूत्र बदलले आहे. सेयर्सचे सूत्र असे: उंची सेंटीमीटरमध्ये गुणिले 60.7, अधिक वजन किलोत गुणिले 45.3, वजा 2055. उडी 30 सेंटीमीटर आणि वजन 60 किलो असेल तर 2484 वॉट येतात. हा कमाल शक्तीचा अंदाज आहे, सरासरी शक्तीचा नव्हे; दोन्ही एका तक्त्यात टाकू नका. वजन 60 ऐवजी 62 लिहिले की 90 वॉट आपोआप वाढतात. म्हणून चाचणीच्या दिवशीच वजन घ्या आणि वॉट दर किलोमागे लिहा. स्की जंपिंगमध्ये वजन उतरवण्याचा मोह इतका असतो की नियमांनी स्कीची लांबी उंची आणि वजनाशी बांधली आहे: उंचीच्या कमाल 145 टक्के, आणि वजन ठरलेल्या प्रमाणाखाली गेले की स्की आखूड होते. आपल्याकडेही आकडा सुधारण्यासाठी वाढत्या वयाच्या मुलीला वजन उतरवायला कोणी सांगत असेल तर ते तिथेच रोखा.

किती फरक खरा मानायचा

वरचे सगळे जमल्यावर आठ खेळाडूंची चाचणी तीन दिवसांच्या अंतराने दोनदा घ्या. समजा फरक आले +1.2, -0.8, +0.5, -1.5, +0.9, -0.3, +1.6, -0.4. या फरकांचे प्रमाण विचलन (फरक सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) 1.07 येते, ते 1.41 ने भागले की 0.76 सेंटीमीटर. ही तुमच्या चाचणीची नेहमीची चूक. एका खेळाडूच्या दोन चाचण्यांत 2.1 सेंटीमीटरपेक्षा, म्हणजे 1.07 च्या दुपटीपेक्षा, कमी फरक असेल तर त्यावर कोणताही निर्णय घेऊ नका. हा आकडा प्रत्येक केंद्राने स्वतःचा काढायचा, दुसऱ्याचा उसना घ्यायचा नाही.

कुठे थांबायचे, कोणाला बोलवायचे

प्लेटला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. अर्थिंग स्वतः जोडू नका. कोपऱ्यांच्या वजनात फरक राहिला किंवा शून्य दर मिनिटाला सरकत राहिले तर प्लेट उघडू नका. आतल्या सेन्सरचा बोल्ट सैल-घट्ट झाला की कॅलिब्रेशन जाते; हे काम पुरवठादाराच्या तंत्रज्ञाचे आहे. मॅट फाडून आत डाग देण्याचा प्रयत्नही नको.

साधन बरोबर, पद्धत बरोबर, आणि तरी एका खेळाडूची उडी दोन आठवडे खालीच असेल तर चाचणी थांबवा आणि त्याच्याशी बोला: झोप, जेवण, ताप, घरची कामे, परीक्षा. त्यातून उलगडा झाला नाही तर डॉक्टरांकडे पाठवून रक्तातले हिमोग्लोबिन तपासून घ्या, मुलींच्या बाबतीत तर नक्कीच.

गुडघ्याच्या वाटीखाली बोट दाबल्यावर दुखते, एकाच पायावर भार घेऊन उतरतो, सांधा सुजला आहे, यांपैकी काहीही दिसले की त्या दिवशी एकही उडी नाही; फिजिओथेरपिस्टकडे पाठवा. टाचेच्या वर “टक्” आवाज होऊन कोणी मागून लाथ मारल्यासारखे वाटले असेल तर खेळाडूला चालवू नका. पाय आहे तसा आधार देऊन थेट अस्थिरोग तज्ज्ञांकडे न्या. छातीत दुखणे किंवा उडीनंतर भोवळ येऊन पडणे, यात पाणी पाजून पुन्हा उभे करायचे नसते. 108 ला फोन लावा. त्या खेळाडूची पुढची चाचणी डॉक्टरांची लेखी परवानगी हातात आल्यावरच घ्या.